विश्लेषण : गणिताच्या तासाला पोपचे परिपत्रक? कॅथलिक शाळांतील ‘सामाजिक शिकवण’ काय आहे?

समजा, अजिंठा गावातल्या एखाद्या शाळेत आठवीचा गणिताचा तास सुरू आहे. फळ्यावर उदाहरण आहे : लेण्यांचे प्रवेश तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये. एका दिवशी इतके भारतीय आले, इतके परदेशी आले, तर एकूण जमा किती? मुले गुणाकार करतात, बेरीज करतात, उत्तर जुळते. आता शिक्षकाने पुढचा प्रश्न घातला. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना चौघे जण डोलीतून वर नेतात. त्या चौघांना दिवसाला काय सुटते, ते विचारून या आणि सोमवारी लेणी बंद असतात हे धरून महिन्याचा हिशेब मांडा.

गणित आठवीचेच आहे. पण मुलांच्या वहीत आता एक माणूस आला आहे. ‘कॅथलिक सामाजिक शिकवण’ रोजच्या विषयांत आणायची म्हणजे काय करायचे, याचे सर्वांत सोपे उत्तर हेच. त्यात येशूचे नाव नाही, प्रार्थना नाही, बायबलचे वचन नाही. मग ते कॅथलिक कसे? आणि नसेल, तर त्याला ते नाव का द्यायचे? भारतात कॅथलिक संस्थांच्या शाळांत शिकणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या पालकांनाही लागू होतो.

ही ‘सामाजिक शिकवण’ कुठून आली?

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. विषय होता कारखान्यांतील कामगार. मालक आणि मजूर यांनी आपखुशीने मजुरी ठरवली असली, तरी ती मजुराच्या पोटापाण्याला पुरेल इतकी असलीच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे आणि त्याचबरोबर खासगी मालमत्तेचाही हक्क आहे, अशा दोन्ही गोष्टी त्यात होत्या. म्हणून समाजवादी आणि भांडवलदार दोघांनाही ते पूर्ण पटले नाही.

पुढच्या सव्वाशे वर्षांत अशी अनेक परिपत्रके आली. त्यांतून काही सूत्रे घट्ट झाली : प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचे सामायिक हित, श्रमाला मान, गरिबांना प्राधान्य, परस्परांची जबाबदारी आणि निसर्गाची राखण. आणखी एक सूत्र आहे, त्याचे नाव अवघड असले तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. जे काम खालच्या पातळीवर होऊ शकते ते वरच्याने बळकावू नये. ग्रामसभेने ठरवायचे ते मंत्रालयाने ठरवू नये, असे म्हटले की नागरिकशास्त्राच्या कुठल्याही शिक्षकाला ते कळेल.

१९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी शांततेवरचे परिपत्रक केवळ कॅथलिकांना उद्देशून न लिहिता ‘सद्भावना असलेल्या सर्व माणसांना’ उद्देशून लिहिले. तेव्हापासून या शिकवणीचा दावा असा आहे की ती पटण्यासाठी बाप्तिस्मा घेतलेला असण्याची गरज नाही. शाळेच्या संदर्भात हा दावा फार उपयोगाचा आहे, आणि तो खरा ठरतो का, हेही शाळेतच कळते.

आत्ता याची चर्चा का?

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी ‘लिओ चौदावे’ हे नाव घेतले. ते लिओ तेरावे आणि त्यांचे कामगारांवरचे परिपत्रक डोळ्यांसमोर ठेवूनच घेतल्याचे त्यांनी सांगितले. यंत्रबुद्धीमुळे माणसाच्या कामाचे काय होणार, हा त्यांच्या काळाचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांची दोन पत्रे आली. एक गरिबांविषयी होते. त्यात गरिबांच्या शिक्षणावर स्वतंत्र भाग आहे. दुसरे थेट शिक्षणाविषयी होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक घोषणापत्राला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ६० वर्षे झाली, त्या निमित्ताने ते लिहिले गेले.

इंग्लंड-वेल्समध्ये तर कॅथलिक शाळांची धार्मिक बाजू तपासणारी यंत्रणा, विद्यार्थ्यांना ही सामाजिक शिकवण कळते का आणि ती शाळेच्या व्यवहारात उतरते का, हेही पाहते. पण तिथला नमुना इथे तसाच आणता येत नाही. तिथे सरकारी पैशावर चालणाऱ्या कॅथलिक शाळांत कॅथलिक धर्मशिक्षण हा वेळापत्रकातला विषय असतो. आपल्याकडे संविधानाने आखलेली रेघ वेगळी आहे. त्याकडे पुढे येऊ.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना यात नवे काय?

खरे सांगायचे तर, फारसे काही नाही. राज्यात डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कोणालाही ‘गाभाघटक’ हा शब्द विचारा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक दिले : स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण संरक्षण, सामाजिक अडसर दूर करणे, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवैधानिक जबाबदाऱ्या वगैरे. ते वेगळा विषय म्हणून शिकवायचे नव्हते, सगळ्या विषयांत मिसळायचे होते. कल्पना उत्तमच होती.

तिचे पुढे काय झाले, हेही शिक्षकांना ठाऊक आहे. पाठ टाचणात एक रकाना आला. ‘गाभाघटक : पर्यावरण संरक्षण’ असे त्यात लिहिले, की मुख्याध्यापकांची सही मिळते. तासाला पर्यावरण आले की नाही, हे टाचण सांगत नाही. मूल्यशिक्षणाचेही बऱ्याच ठिकाणी तेच झाले. परिपाठात एक सुविचार, एक बोधकथा, आणि मुले रांगेने वर्गात. कॅथलिक शाळांनी ‘मानवी प्रतिष्ठा’, ‘सामायिक हित’ असे नवे शिक्के बनवून टाचणावर मारले, तर त्यांचीही तीच गत होईल. रकाना बदलून धडा बदलत नाही. धडा बदलायचा तर विषयाच्या आतला प्रश्नच बदलावा लागतो.

इतिहासाचे उदाहरण घेऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले ते कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. पुढच्याच वर्षी रोममध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ निघाले. मुंबईच्या गिरण्यांतला सत्यशोधक आणि रोममधला पोप यांचा एकमेकांशी संबंध आल्याचे दिसत नाही. तरीही दोघे एकाच प्रश्नापाशी कसे पोहोचले? हा प्रश्न वर्गात विचारला, तर मुलांना औद्योगिक क्रांती कळते आणि फुलेही कळतात. त्यात पोपला फुल्यांच्या वर बसवले, तर मात्र तो इतिहासाचा तास राहत नाही. लोखंडे पोपच्या आधी पोहोचले होते, हे कॅथलिक शाळेत मोकळेपणाने सांगता आले पाहिजे.

अजिंठ्याच्या परिसरात हे कसे दिसेल?

छत्रपती संभाजीनगर जिल्हा कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नकाशावर नवा नाही. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला. शहराचे नाव बदलले तरी धर्मप्रांताचे नाव जुनेच आहे. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, लेणी त्यापुढे फर्दापूरजवळ. अवतीभवती कापूस आणि मका. शाळा कोणाचीही असो, जिल्हा परिषदेची, रयतेसारख्या संस्थेची किंवा मिशनची, मुले याच शेतांतून येतात.

मग अर्थशास्त्राचा धडा कापसापासून सुरू व्हायला हरकत नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला केंद्राने क्विंटलला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना स्वस्त कच्चा माल हवा होता, त्यांच्याही कामगारांचे पोट त्यावरच आहे. इकडे वेचणीला आलेल्या बाईची मजुरी किलोवर ठरते. व्यापाऱ्याने बांधावर दिलेला भाव आणि हमीभाव यांतला फरक मुलाने घरी विचारून आणला, वेचणीची मजुरी आईकडून विचारली, तर शेकडेवारी शिकवायला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. ‘न्याय्य मजुरी’ हा शब्द तेव्हा आपोआप येतो. तो पोपच्या परिपत्रकातून आला की आईच्या तोंडून, याने गणिताला फरक पडत नाही.

इथे एक धोका आहे. उत्तर आधीच ठरवून दिलेले गणित वाईट गणित असते. आयात शुल्क माफ करणे चूक की बरोबर, हे शिक्षकाने सांगू नये. त्याने आकडे पुरे मांडावेत, गिरणी कामगाराचेही आणि वेचणाऱ्या बाईचेही. सामाजिक शिकवणीत हमीभावाचा आकडा लिहिलेला नाही. कोणाला हिशेबातून वगळू नका, एवढेच ती सांगते.

पाण्याचा विषय तर राज्यानेच हातात दिला आहे. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे, त्याचे बालभारतीचे पुस्तक आहे, आणि श्रेणीचा विषय म्हणून पुष्कळ शाळांत तो दोन सह्यांत उरकला जातो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने पिण्याचे सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे. ज्या मराठवाड्यात टँकर हा उन्हाळ्याचा ऋतुमानच झाला आहे, तिथे जलसुरक्षेचा तास नीट घेणे हीच सामाजिक शिकवणीची मोठी अंमलबजावणी ठरेल.

त्याला शेजारच्या जिल्ह्यात मोठा दाखला आहे. अहमदनगरमध्ये (आता अहिल्यानगर) हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी सोशल सेंटर उभे केले, आणि पुढे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतः ठरवायची आणि स्वतः पाळायची, मगच पुढचे काम. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्यातले गाजलेले गाव. बांधावर चर खोदणाऱ्या कोणाला ‘हे कॅथलिक तत्त्व आहे’ असे सांगावे लागले नाही. ज्याचा प्रश्न त्याने सोडवायचा, बाहेरच्याने पाठीशी उभे राहायचे, हे सूत्र शिवारात उतरले होते. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’च्या आंदोलनात जमीन आणि पाण्याचा प्रश्न असाच सर्वधर्मीयांचा केला. २०२४ मध्ये ते गेले. पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झालेल्या या धर्मगुरूची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यायला नको.

राहिली लेणी. अजिंठ्याच्या शिलालेखांत दान देणारे भेटतात : सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, सव्विसाव्यात भिक्खू बुद्धभद्र. खडक फोडणाऱ्या पाथरवटांचा माग मात्र छिन्नीच्या घावांतून आणि अर्धवट राहिलेल्या लेण्यांतून काढावा लागतो. श्रमाच्या प्रतिष्ठेवर यापेक्षा चांगली सहल कोणती? पण इथेच कॅथलिक शिक्षकाने सर्वांत जपून पाऊल टाकायला हवे. ही बौद्ध लेणी आहेत, आणि या जिल्ह्यात बौद्ध धम्म हा केवळ पुरातत्त्वाचा विषय नाही. बाबासाहेबांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय याच शहरात आहे. पद्मपाणीसमोर उभे राहून ‘करुणा म्हणजे आमच्याकडे जिला अमुक म्हणतात ती’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून भांड्यांवर आपले नाव घालणे. करुणेचा अर्थ तिथे बुद्धाच्या विचारातूनच सांगितला पाहिजे. वर्गात बौद्ध मुले असतील, तर त्यांनी सांगितला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत, विद्यार्थ्याच्या आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. पण तो वर्गातल्या मुलाचा २८ खालचा हक्क काढून घेत नाही.

मग ‘धार्मिक शिक्षण’ कशाला म्हणायचे? १९७१ मध्ये डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गुरू नानकांच्या जीवन आणि शिकवणीच्या अभ्यासाचा प्रश्न आला. एखाद्या संताच्या विचारांचा शैक्षणिक अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. २००२ च्या अरुणा रॉय निकालातही धर्मांविषयी शिकवणे आणि धर्म शिकवणे यांत फरक केला गेला. डोलीवाल्यांच्या मजुरीचे गणित या रेघेच्या अलीकडे बसते, त्यात शंका नाही. त्याच गणिताआधी सक्तीची प्रार्थना घातली तर ते पलीकडे जाते.

राज्यात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा तापलेली असताना पालकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. तिला उत्तर म्हणून म्हणा किंवा खबरदारी म्हणून, भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली ठेवा. सूचना चांगल्या आहेत. त्यांत भीतीचा अंशही आहे, हे लपत नाही. पण सामाजिक शिकवण विषयांत आणायची असेल, तर पालकांपासून ती लपवून आणण्यात अर्थ नाही. पालक सभेत तिचे नाव घेऊन, टाचण दाखवून सांगता येते.

मग अडते कुठे?

अडते ते शाळेच्या कार्यालयात. ‘गरिबांना प्राधान्य’ हे सूत्र मुलांनी वर्गात शिकले आणि त्याच शाळेत प्रवेश घेणाऱ्यांत गरीब मुले किती, हे मोजले, तर?

शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीपासूनच्या प्रवेशात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवायला लावल्या. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातूनही आलेल्या प्रकरणांत, या निकालाच्या योग्यतेवर शंका घेतली आणि मुद्दा मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती शाळांत शिकणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्ती नाहीत. आणि एकूण अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुले केवळ ८.७६ टक्के आहेत. अल्पसंख्याक शाळांना सवलतीतून बाहेर काढावे, असा त्या अहवालाचा रोख होता, हे लक्षात ठेवूनही तो आकडा टोचतो.

यात शहर आणि खेडे यांत फरक करायला हवा. ग्रामीण भागातल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित मिशन शाळा आणि त्यांची वसतिगृहे यांत गरिबांचीच मुले येतात. त्यांना गरिबांना प्राधान्य कसे द्यावे, हे शिकवायला जाण्यात अर्थ नाही. प्रश्न इंग्रजी माध्यमाच्या, भरपूर शुल्क घेणाऱ्या शहरी शाळांचा आहे.

तसाच प्रश्न पगाराचा. ‘रेरुम नोव्हारुम’ मजुरीवर आहे, आणि कोणत्याही खासगी शाळेतल्या मुलांना कंत्राटी शिपाई, बसचा चालक आणि वर्षावर्षाच्या करारावरची ताई रोज दिसतात. आठवीच्या मुलाने डोलीवाल्याचा हिशेब मांडल्यावर तो शाळेतल्या मावशींचाही मांडेल. शिक्षकाला ते उदाहरण सोडवून देता आले पाहिजे.

आणि जात. मराठवाड्यातले अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज पूर्वास्पृश्य समाजांतले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. धर्मांतरित दलितांच्या या प्रश्नावर केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतही भेदभाव आहे, हे मान्य केले. नागरिकशास्त्राच्या तासाला ‘मानवी प्रतिष्ठा’ शिकवताना हे पान उलटून पुढे जाता येणार नाही. निदान मराठवाड्यात तरी नाही, कारण वर्गातली निम्मी मुले ते घरून शिकून आलेली असतात.

मोठ्या पीठाचा निकाल काहीही लागो, अल्पसंख्याक शाळेने पहिलीच्या चौथाई जागा वंचित मुलांना स्वतःहून द्यायला आजही कोणत्याही कायद्याची मनाई नाही. फक्त त्यांचे शुल्क सरकारकडून परत मिळेल, असे गृहीत धरता येत नाही; ते कुठून काढायचे, हे संस्थेच्या अंदाजपत्रकात लिहावे लागेल.